गल्ला आणि पंचांग

पितळी भांड्यांसाठी ख्यातनाम असलेल्या भंडाऱ्यात दिवाळी हा खरेदीचा मोठा हंगाम. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ते १२ नोव्हेंबरला आले. या दोन वर्षांच्या ऑक्टोबरांची तुलना करणारा अर्थपंडित बाजार बुडाल्याचा टाहो फोडील! भांड्यांचे भाव दहा टक्क्यांनी वाढले आणि गल्लाही तेवढाच वाढला, तर विकलेली भांडी मात्र पूर्वीइतकीच असतात. अमेरिकेचे जनगणना खाते किरकोळ विक्रीच्या मासिक आकड्यांतून सणासुदीचा परिणाम वजा करते, महागाईचा नव्हे. आपण दोन्ही वजा करावेत आणि गल्लीतील दुकानदारही गणतीत धरावा. परक्या दिनदर्शिकेने स्वदेशी बाजाराची नाडी कळत नाही.