थांबण्याचे मोल कोणाच्या पदरात?

फ्रान्समधील बोर्दो शहराच्या उत्तरेस, जिरोंद नदीमुखाच्या डाव्या तीरावर, पोइयाक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील नामांकित तांबडे मद्य नवे असताना धड पिववत नाही. काबर्ने सोव्हिन्यों या जातीचे द्राक्ष लहान आणि जाड सालीचे. त्याच्या साली-बियांतून उतरणाऱ्या टॅनिनमुळे कच्ची सुपारी चघळल्याप्रमाणे तोंड आवळून येते. हे मद्य प्रथम २२५ लिटरांच्या ओकच्या पिंपांत सुमारे दीड वर्ष मुरते आणि नंतर बाटलीत, थंड व अंधाऱ्या तळघरात, दहा-वीस वर्षे पडून राहते. टॅनिनचे रेणू एकमेकांत गुंततात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि तुरटपणा निवतो. प्रस्तुत लेखकाला त्याची चव घेण्याचा योग आलेला नाही, आणि तो यावा अशी तळमळही नाही. परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हे तळघर टाळता येत नाही.

वस्तूचे मूल्य तीत खर्च झालेल्या श्रमावरून ठरते असे मानणाऱ्या रिकार्डोने १८२३ साली मॅकलक यास लिहिलेल्या पत्रात, तळघरात तीन-चार वर्षे ठेवलेल्या मद्याची अडचण आपणास ओलांडता येत नसल्याची कबुली दिली होती. श्रम तर कोणीच केले नाहीत, मग मूल्य वाढले कसे? पुढे स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ विक्सेल याने याच उदाहरणावरून भांडवलाची उपपत्ती मांडली: मद्याच्या मूल्यवाढीचा वेग व्याजाच्या दराइतका खाली येईल तेव्हा ते विकावे. दरसाल आठ टक्के चक्रवाढीने शंभर रुपयांचे पंधरा वर्षांत सुमारे ३१७ रुपये होतात. तेव्हा पंधरा वर्षे ठेवलेली शंभराची बाटली ३१७ रुपयांस विकली गेली, तर ठेवणाऱ्याच्या हाती केवळ व्याजच पडले. तळघराचे भाडे अंगावरच राहिले.

हे थांबणे पूर्वी मुख्यतः बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे असे. ते पिंपे विकत घेत आणि आपल्या वखारीत मुरवीत. १९२४ पासून मूतों-रोथशिल्डच्या मालकाने आपले मद्य स्वतःच्याच मळ्यावर बाटलीबंद करण्यास आरंभ केला आणि हळूहळू इतरांनीही तो मार्ग धरला. आता मालकाकडे पिंपे राहिली, पण पैसा अडकून पडू लागला. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘आँ प्रिमर’ ही आगाऊ विक्री. द्राक्षे खुडल्यानंतरच्या वसंतात, मद्य अजून पिंपात असतानाच, समीक्षक ते चाखतात, किंमत जाहीर होते आणि ग्राहक संपूर्ण पैसे भरतो. बाटली त्याच्या हाती पडते ती वर्ष-दीड वर्षाने, आणि पिण्याजोगी होते त्याहूनही कितीतरी वर्षांनी.

व्याज, साठवण, जोखीम असे सारे ओझे ग्राहकाने उचलायचे, तर आरंभीची किंमत त्या मानाने कमी हवी, हे उघड आहे. १९८२ च्या हंगामात ती तशी होती. त्या वेळी घेणाऱ्यांना पुढे भरघोस लाभ झाला. त्याच आठवणीवर पुढच्या पिढीतील ग्राहक पैसे भरत राहिले. मालकांनी मात्र किंमत इतकी चढविली, की गेल्या दहा-पंधरा वर्षांत अनेक हंगामांच्या बाटल्या नंतर खुल्या बाजारात त्याच किंवा कमी भावाने मिळाल्या. थांबायचे ग्राहकाने आणि थांबण्याचे मोल आधीच घेऊन टाकायचे मालकाने, हा व्यवहार मला न्याय्य वाटत नाही. पोइयाकच्याच शातो लातूरने २०१२ साली या पद्धतीतून अंग काढून घेतले आणि मद्य पिण्याजोगे होईल तेव्हाच विकण्याचे ठरविले. तो निर्णय सचोटीचा आहे. अर्थात, लातूरचे मालक फ्रान्समधील अतिधनाढ्यांपैकी आहेत. त्यांना थांबणे परवडते, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

कारण त्याच बोर्दो प्रदेशात हजारो लहान द्राक्षमळेवाले आहेत. १८५५ मध्ये दलालांनी किमतीवरून प्रतवारी लावलेल्या मळ्यांची संख्या आज अवघी एकसष्ट भरते. बाकीच्यांचे बरेचसे मद्य ठोकीने विकले जाते आणि वर्ष-दोन वर्षांतच प्यायचे असते. ते तळघरात ठेवून सुधारत नाही. शिवाय फ्रान्समध्ये तांबडे मद्य पिणेही कमी झाले आहे. या मंडळींना नुसती साठवणुकीची सोय करून दिली असती तर त्यांचे भले झाले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. २०२३ मध्ये तेथे सुमारे साडेनऊ हजार हेक्टर द्राक्षवेली उपटून टाकण्यासाठी हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना जाहीर झाली. ज्यांच्या मद्याला वेळ देऊन मोल येत नाही, त्यांना मळा मोडण्याचे मोल मिळाले. ही योजना आवश्यक असेलही. परंतु त्याच वसंतात, तेथून काही मैलांवर, नामांकित शातोंच्या पिंपांपुढे नेहमीप्रमाणे समीक्षकांची रीघ लागली होती आणि पुढच्या वीस वर्षांची किंमत आजच्या आज वसूल होत होती.