आधी पाय बघा

आमच्या गावात खाकी कपड्यांतला माणूस वेशीतून आत आला, की माझी आजी आधी त्याचे पाय बघायची. डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, हातात दंडुका, आवाजात दरारा. आणि पायांत झिजलेल्या चपला. "रायरंद आलाय," एवढंच म्हणून आजी सूप आणायला आत वळायची. रायरंद म्हणजे बहुरूपी. तो ओट्यासमोर उभा राहून वॉरंट वाचायचा. कुणाला कोंबडी चोरल्याबद्दल अटक, कुणाला सासूशी भांडल्याबद्दल. आम्ही पोरं भेदरायचो, मोठी माणसं हसायची. शेवटी तो टोपी काढायचा, आपलं नाव-गाव सांगायचा आणि पसाभर ज्वारी घेऊन पुढच्या दारात जायचा.

नळदुर्गजवळच्या त्या गावातून मी धाराशिवला आले, जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं शिकवलं, निवृत्त झाले. गेल्या वर्षी पुन्हा एक खाकीतला माणूस माझ्या घरात शिरला. या वेळी मोबाइलच्या पडद्यावर. खांद्यावर तारे, टेबलावर फायली, मागच्या भिंतीवर बोधचिन्ह. तुमच्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, असं त्यानं सांगितलं. दार आतून लावा. कॅमेरा बंद करू नका. कुणाला सांगितलंत तर त्यांनाही आरोपी करू. मी दार लावलं. पासबुक काढून समोर ठेवलं. व्हिडिओ कॉलवर माणूस छातीपर्यंतच दिसतो. त्याचे पाय दिसत नाहीत.

शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. कडी वाजवूनही दार उघडेना, म्हणून खिडकीशी आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, कुणासंगं बोलायलाव? रडायलाव कशाला?" तो आवाज ऐकताच पडद्यावरचा साहेब गायब झाला. खाती, कागद, कायदा, सगळं तयार ठेवून बसलेला माणूस एका शेजारणीच्या प्रश्नापुढे टिकला नाही.

सुट्टीत आलेल्या नातवाला ही हकिकत सांगितली. तो आठ वर्षांचा. त्यानं विचारलं, "आजी, तू स्पायडरमॅनला का नाही बोलावलंस?" मला हसू आलं नाही. त्याच्या वयाची असताना मीही काळा पहाडाची वाट बघायचे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला हा नायक काळ्या वेशात रात्री निघायचा आणि प्रतिष्ठित म्हणून मिरवणाऱ्या बदमाशांचे बुरखे फाडायचा. खुद्द अर्नाळकरांचं नावही टोपणनाव. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. 1939 मधला बॅटमॅन असो, 1962 मधला स्पायडरमॅन असो की आपला काळा पहाड, गोष्ट तीच: गुन्हेगारानं ओळख लपवलेली, आणि त्याला पकडणाऱ्यानंही. अशा गोष्टी पोरांनी जरूर वाचाव्यात. पण माझ्या खिडकीशी आलेल्या काकूंच्या अंगावर वेश नव्हता. होता तो पदर, हातात रिकामी वाटी, आणि अख्ख्या गल्लीला माहीत असलेलं त्यांचं नाव.

गावातला रायरंद आणि पडद्यावरचा साहेब यांच्यातल्या भेदासाठी आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत: सोंग आणि तोतया. सोंग घेणारा शेवटी टोपी काढतो. तोतया ती कधीच काढत नाही. सोंग चारचौघांत वठतं. तोतयाला बंद दार लागतं. वेश बदलणं हे पाप नव्हे. वेश बदलून सुरतेची खबर शिवाजी महाराजांकडे आणणाऱ्या बहिर्जी नाईकाचं नाव बहुरूपी आजही अभिमानानं घेतात. वेश कुणाच्या कामी येतो, यावर त्याचं मोल ठरतं.

आणि दारोदार फिरणाऱ्या माणसांचं आपण काय केलं? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ते बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे, भिक्षेकरी. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेनं त्यांना मुलं पळवणारे ठरवलं होतं. त्या जमावातल्या प्रत्येकाला आपण गाव वाचवणारा वीर आहोत असंच वाटलं असणार. दारात उभ्या असलेल्या माणसांवर विश्वास ठेवला नाही. ज्याचा मूळ सांगणारा कोण हेच ठाऊक नाही, त्या निरोपावर ठेवला. मीही पडद्यावरच्या तोतयापुढे पासबुक उघडलं होतं. दोन्हीकडे चूक एकच: निरोप आणणाऱ्याचं नाव-गाव विचारलं नाही.

कायदा मात्र नाव दाखवायलाच सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 36 व्या कलमानुसार, अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याच्या नावाची स्पष्ट दिसेल अशी ओळख हवी. अटकेचा पंचनामा हवा, आणि त्यावर घरातल्या किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. म्हणजे खरा पोलीस शेजाऱ्याला बोलावतो; तोतया शेजाऱ्याला लपवतो. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.

वेशामागचा ओळखण्याचं आणि हाक मारण्याचं हे शहाणपण आपल्या धाराशिव जिल्ह्याला नवं नाही. तुळजापूरच्या कथेत कर्दम ऋषींच्या पत्नीला, अनुभूतीला, कुकुर दैत्यानं छळलं. तिनं हाक मारली, देवी त्वरेनं धावली. दैत्यानं महिषाचं रूप घेतलं, तरी देवीनं त्याला ओळखलं. नवरात्रात देवीला कधी रथ अलंकार, कधी मुरली, कधी शेषशायी, कधी भवानी तलवार अलंकार महापूजा असते. वेश बदलतो, पण त्यामागे देवी तीच, हे प्रत्येक भक्ताला ठाऊक असतं. मला त्या कथेत आता सर्वांत मोठी वाटते ती अनुभूतीची हाक.

म्हणून माझं मागणं साधं आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्रत्येक गावात कलम 36 आणि 1930 ही दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवावीत, निवृत्तिवेतन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पुढच्या रांगेत बसवून. शाळेत परिपाठाला आठवड्यातून एकदा हाच विषय असावा. कारण घरातला मोबाइल मुलंच हाताळतात. आणि गावात येणारे बहुरूपी, डवरी, गोंधळी यांची नोंद पोलीस पाटलांनी सन्मानानं करावी, त्यांच्या संरक्षणासाठी, संशयापोटी नव्हे.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीत एक रायरंद आला, पोलिसाच्याच वेशात. पोरं पळाली. एका तरुणानं मोबाइल रोखून त्याचे फोटो काढायला सुरुवात केली. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा दरारा ओसरला आणि भीती उमटली. मी पायरी उतरून दोघांच्या मध्ये उभी राहिले. त्याच्या पायांत चपला होत्या. मी म्हटलं, "दादा, नाव काय तुमचं? गाव कोणतं?"

त्यानं टोपी काढली आणि सांगितलं.