काटकसर कुणाच्या ताटातून?

महागाई वाढली की बायकांना उपदेश करणाऱ्यांना ऊत येतो. यादी करून बाजारात जा, उरलेल्या पोळीचा लाडू करा, पालेभाजीचे देठ टाकू नका, तेल हात राखून वापरा. 'कुशल गृहिणी'ने किराण्याचा खर्च कसा कमी करावा, हे सांगणाऱ्यांत घरखर्चाचा हिशेब कधी न ठेवलेले पुरुषही असतात.

रत्नागिरीकडच्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. एप्रिल-मे आला की ती आगोटीच्या बेगमीला लागते. तांदूळ, कुळीथ, कडवे वाल यांना उन्हं दाखवून डबे भरायचे, वर्षाचं तिखट करून घ्यायचं, कोकमाची सालं पुन्हा पुन्हा रसात बुडवून आमसुलं वाळवायची, फणसाच्या आठळ्या साठवायच्या, सुके बांगडे, बोंबील आणि जवळा भरून ठेवायचा. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते आणि घाटावरून येणारी भाजी पावसात महागते. तेव्हा घर या बेगमीवर आणि टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला यांसारख्या फुकटच्या भाजीवर चालतं. ही भाजी फुकट म्हणायची कारण ती आणायला जाणाऱ्या बाईचा वेळ कुणी मोजत नाही. वाचलेले पैसे घराचे, गेलेले श्रम मात्र 'बाईचं कामच आहे ते'.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवत होत्या. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. घराची बचत यातूनच होते. म्हणून कुणी 'आणखी काटकसर करा' म्हणालं की आपण आधी विचारावं: ती कुणाच्या श्रमातून आणि कुणाच्या ताटातून?

ताटाचा प्रश्न मुद्दामच काढते आहे. गटाच्या बैठकीत कधी हे करून पाहा. प्रत्येकीने काल घरात कोण कोणत्या क्रमाने जेवलं आणि कुणाच्या वाट्याला काय आलं ते सांगायचं. सुरुवातीला बाया हसतात. मग एकेक गोष्ट बाहेर येते. माशाची मधली तुकडी नवऱ्याला, पेज मुलांना, डाळीतलं वरचं पाणी आपल्याला. महिनाअखेर तेल संपलं की फोडणी फक्त त्यांच्या वाटीपुरती. अंडी दोनच असली तर ती कुणाची हे ठरलेलंच असतं. 'मला आवडतच नाही' हे आपण इतकी वर्षं म्हणत आलो की ते आपल्यालाही खरं वाटायला लागलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. पाळी आणि बाळंतपणं ही त्याची कारणं आहेतच. पण एकाच चुलीवरचं अन्न खाणाऱ्यांतला हा फरक पाहिल्यावर वाढण्याचा क्रमही आठवायला हवा. अशी काटकसर करून वाचलेले पैसे पुढे औषधांत जातात.

मग पैसे वाचवायचेच नाहीत का? वाचवायलाच हवेत. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात खर्चाच्या दर शंभर रुपयांतले सुमारे ४७ रुपये खाण्यावर जातात. पण पैसे गळतात कुठे ते नीट बघू. फोडणीतल्या चमचाभर तेलात ते गळत नाहीत. ते गळतात सुटं घेण्यात आणि उधारीत. रोजावर जाणारी बाई पावशेर तेल, पावकिलो डाळ, दहा रुपयांची साखर आणि पुडीतली चहापत्ती घेते. एकदम घ्यायला तिच्या हातात पैसे नसतात. साधारणपणे असं सुटं घेताना दर किलोला जास्त पैसे जातात. म्हणजे जिची ऐपत कमी तिलाच माल महाग. त्यातून उधारी असेल तर भाव विचारायची सोय नाही, वजनाकडे बघायची नाही, दुसऱ्या दुकानात जायची तर नाहीच. वही दुकानदाराकडे आणि अनेकदा खातं नवऱ्याच्या नावावर. त्याने त्यात काय काय लिहून घेतलं ते बाईला महिनाअखेर कळतं.

याला एकटीने करायचा उपाय नाही. मिळून घेणं हा उपाय आहे आणि तो नवा नाही. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हेच केलं. शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करायचे, महिन्याच्या वाणसामानाची मागणी आधी नोंदवायची, पैसे आधी भरायचे, माल घाऊक खरेदी करायचा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यायचा. दुकान नाही, जाहिरात नाही.

आपल्याकडे वाडीवाडीत बचत गट आहेत. पैसे जमवणं, हिशेब लिहिणं, वेळेवर बैठक घेणं हे आपल्याला येतं. पण गटाचं कर्ज बहुतेकदा आजारपण, लग्न, मुलांची फी आणि घरदुरुस्तीला जातं. त्याच पैशातून वर्षातून तीन-चार वेळा एकत्र खरेदी करता येईल. भाताची कापणी-झोडणी झाल्यावर तांदूळ, नवी तूर बाजारात आली की डाळ, उन्हाळ्यात मिरची आणि टिकाऊ कांदा. तेलाचा मोठा डबा पाचजणींत वाटून घ्यायचा. एकीने तीन घाऊक दुकानांत भाव विचारायचे, दुसरीने पैसे सांभाळायचे, तिसरीने वजन करायचं आणि दर खेपेला ही कामं बदलायची. भावाचा कागद सगळ्यांना दिसेल असा लावायचा. ज्या बाईकडे आज पैसे नाहीत तिचा वाटा गटाने भरायचा आणि तिने तो हप्त्याने फेडायचा. यातून सुटलीच पाहिजे ती हीच बाई. तिला वगळून बाकीच्यांनी स्वस्तात तांदूळ घेतला तर आपण गट केला कशाला?

दोन गोष्टी मात्र आधीच ठरवाव्यात. एक, ही कामंही बायांची फुकट मेहनत होता कामा नयेत. वाचलेल्या पैशांतून भाव काढणारीला, वजन करणारीला थोडा मेहनताना द्यावा. दुसरी गोष्ट वाण्याची. अडीअडचणीला तो उधार देतो, त्याला दुखवायचं कसं, असं बाया म्हणतात. ते खरं आहे. म्हणून आधी जुनी उधारी गटाच्या कर्जातून मिटवावी आणि मग रोखीने, भाव विचारून त्याच्याकडेही जावं. भांडण वाण्याशी नाही, त्याच्या वहीत अडकून पडण्याशी आहे.

पण डाळीची पोती आणून सगळं भागणार नाही. रेशन हा आपला हक्क आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या दर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवलं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झालं. याच कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे रेशनकार्डापुरती घरातली अठरा किंवा अधिक वयाची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख आहे. सातबाऱ्यावर नाव नाही, घरपट्टीवर नाही, पण इथे आहे. तेव्हा कार्ड कुणाच्या नावावर आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, हे प्रत्येकीने तपासावं. पावती मागावी, वजन बघावं. कायद्याने दुकानावर लक्ष ठेवायला दक्षता समित्या सांगितल्या आहेत आणि त्यांत स्त्रियांना योग्य स्थान द्या असं म्हटलं आहे. आपल्या गावच्या समितीत कोण बाया आहेत, त्यांना बैठकीचं बोलावणं येतं का, हे ग्रामसभेत विचारावं. रेशन दुकानातली या कायद्याची हमी मात्र धान्यापुरती आहे. डाळ आणि तेल आपण बाजारभावानेच घेतो. तामिळनाडूने २००७ पासून तूरडाळ आणि पामतेल सवलतीच्या दराने रेशनवर दिलं. महाराष्ट्रात ही मागणी आपण लावून धरायला हवी.

१९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया महागाईविरोधात एकत्र आल्या आणि मुंबईत हजारो बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. 'आम्ही कमी खातो' असं त्या म्हणाल्या नाहीत. धान्य, तेल, रॉकेल रास्त भावात मिळालं पाहिजे, असं त्यांनी सरकारला ठणकावलं. स्वयंपाकघरातला प्रश्न हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे, हे या बायांनी सगळ्यांना दाखवलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन कामं करू या. कुणाची किती उधारी आहे ते मांडू, एका वस्तूची एकत्र खरेदी ठरवू आणि प्रत्येकीचं रेशनकार्ड बघू. चौथं काम घरचं आहे. महिन्याच्या खर्चाची वही घरातल्या सगळ्यांसमोर उघडायची. किराण्याबरोबर दारू, गुटखा, मोबाइल हेही त्यात लिहायचं. काटकसर करायची तर ती सगळ्यांच्या खर्चातून. आणि जेवायला सगळ्यांनी एका वेळी बसायचं, म्हणजे भांड्यात काय उरलंय ते सगळ्यांनाच दिसेल.