शुद्धी झाली, सोयरिकीचे काय?

उजनीचे पाणी फारच खाली गेले की पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर जलाशयातून डोके वर काढते. भीमेवरील या धरणाने करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील कितीतरी गावठाणे पोटात घेतली. काळ्या कसाच्या जमिनी गेल्या, वाडे गेले, पाणवठे गेले. माणसांनी देव उचलून नव्या गावठाणात आणले आणि संसार पुन्हा मांडले. एवढा मोठा प्रलय झाला, पण जात तेवढी पाण्याखाली गेली नाही.

या काठाला निंबाळकर हे नाव परके नाही. करमाळ्याचे कमलाभवानीचे मंदिर रावरंभा निंबाळकरांनी उभारलेले. इंदापूरच्या लढाईत देह ठेवणारे मालोजीराजे भोसले हे फलटणच्या निंबाळकरांचे जावई. शिवछत्रपतींच्या राणी सईबाईसाहेब याही फलटणच्याच. म्हणूनच शिवजयंतीच्या व्याख्यानांत सईबाईंचे बंधू बजाजी नाईक निंबाळकर यांची कथा रंगवून सांगितली जाते आणि टाळ्याही मिळवते. दुर्दैव असे की ती बहुधा अर्धीच सांगितली जाते.

परंपरा सांगते की विजापूरच्या आदिलशाहीत बजाजींचे धर्मांतर झाले. ते परतले तेव्हा जिजाऊसाहेबांनी पुढाकार घेतला आणि शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवासमोर प्रायश्चित्तविधी होऊन बजाजी स्वधर्मात आले. वक्ता इथे थांबतो. जिजाऊ मात्र इथे थांबल्या नाहीत. धर्मशास्त्राने पावन केलेल्या माणसाला समाज पंक्तीला घेईल, पण त्याच्या घरात मुलगी कोण देईल, हा प्रश्न होताच. तो आज्ञापत्राने सुटणारा नव्हता. शिवरायांनी सईबाईंच्या पोटी जन्मलेली आपली कन्या सखूबाई बजाजींचे पुत्र महादजी यांना दिली. रक्ताचे नाते आधीपासून असताना ते पुन्हा सोयरिकीने शाबीत करावे लागले, यावरूनच तेव्हाच्या समाजाचे दार किती घट्ट लागलेले होते ते कळते. (सखूबाईंना कोणी विचारले नसेल. त्या युगात राजकन्यांना विचारीत नसत.)

राजघराण्यांतील विवाह आणि धर्म यांची गाठ त्या काळी जगभर पडत होती. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला पहिली राणी सोडून दुसरी करायची होती. पोपने मान्यता दिली नाही, तेव्हा १५३४ साली त्याने अवघ्या राष्ट्राची धर्मसंस्थाच रोमपासून तोडली. पुढे त्याच्याच एका कन्येच्या कारकीर्दीत शेकडो माणसे पाखंडी ठरवून जिवंत जाळली गेली. पॅरिसमध्ये १५७२ च्या ऑगस्टात कॅथलिक राजकन्या आणि प्रोटेस्टंट राजा यांचे लग्न समेटासाठी म्हणून लावले गेले. अक्षता पडून आठवडाही लोटला नव्हता तोच वऱ्हाडी म्हणून आलेल्या प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. तिथे विवाहाने माणसे तुटली, मारली गेली. इथे एका विवाहाने तुटलेला माणूस घरात आला. युरोपातील राजांचे गोडवे गाणाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकी विद्वानांना हा फरक का सांगावासा वाटत नाही, हे त्यांनाच ठाऊक.

नेताजी पालकरांचेही तेच. मोगलांच्या कैदेत मुहम्मद कुलीखान झालेला हा सेनानी जवळजवळ दशकभराने परतला आणि १९ जून १६७६ रोजी रायगडच्या राजाने त्याला स्वधर्मात घेतले. दार आतून उघडणारा कोणी असला की बाहेर गेलेला परत येतो. दोष नेहमी बाहेरच्यावर टाकणे सोपे असते. बाहेरचा जबरदस्तीने नेतो हे खरे, पण परतलेल्याला उंबऱ्यावर तिष्ठत ठेवण्याचे पाप घरच्यांचेच.

१९६९ साली उडुपीला धर्माचार्यांनी सारे हिंदू सहोदर आहेत, कोणीही पतित नाही, असा घोष केला. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेवर निःसंदिग्ध प्रहार केला. ठराव झाले, सहभोजने झाली, समरसतेचे मेळावे झाले. रोटी बरीच मोकळी झाली, बेटीचे काय? जलाशयाच्या काठी एकाच शाखेत, एकाच ध्वजाखाली उभे राहणारे दोन तरुण एकमेकांच्या घरी जेवतात. त्यांतील एकाच्या बहिणीने दुसऱ्याशी विवाह करायचे म्हटले की तीच दोन घरे परकी होतात. मुलगी स्वतः बोलते आहे, सखूबाईंना नसलेला अधिकार तिला कायद्याने आहे, आणि तरी घर नाही म्हणते.

यावर ठरलेले उत्तर येते : विवाह हा घरगुती प्रश्न आहे, त्यात संघटनेने पडू नये. सखूबाईंचा विवाहही घरगुतीच होता! शिवरायांनी तो दुसऱ्या कोणाच्या घरावर लादला नाही, आपल्या घरात केला.

व्याख्यान संपते, जयघोष होतो, श्रोते पांगतात. त्याच आठवड्यात मुलीचे परिचयपत्र लिहायला बसलेला गृहस्थ ‘अपेक्षा’ या रकान्यात लिहितो : स्वजातीय, शक्यतो पोटशाखेतील.