अमरावतीची हवा पहिली आली, मग गावाकडचा दम का कमी होत नाही?

थंडी सुरू झाली की छातीच्या ओपीडीत दमा आणि सीओपीडीच्या रुग्णांची गर्दी वाढते. अशाच एका सकाळी कौंडण्यपूरकडून आलेल्या एका आजोबांनी विचारले, "डॉक्टरसायेब, अमरावतीची हवा देशात पयली आली म्हन्ते. मंग माहा दम काहून वाढून राह्यला?"

प्रश्न योग्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात ३ ते १० लाख लोकसंख्येच्या शहरांत अमरावती पहिली आली आणि तिला ७५ लाख रुपयांचे बक्षीस मिळाले. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण या क्रमांकाचा अर्थ "इथली हवा सर्वांत शुद्ध" असा नाही.

गुण कशाचे मिळतात?

सर्वेक्षण २०० गुणांचे असते. कचरा व काडीकचरा जाळणे रोखणे, रस्त्यावरची धूळ कमी करणे, वाहनांचा धूर आणि कारखान्यांचा धूर या चार गोष्टींना प्रत्येकी ४० गुण आहेत. बाकीचे गुण बांधकामाची धूळ, इतर स्रोत आणि जनजागृतीला मिळतात. हवेतील पीएम १० हे धूलिकण प्रत्यक्षात किती घटले, याला फक्त ५ गुण आहेत.

म्हणजे बक्षीस मुख्यतः केलेल्या कामांचे आहे. ती कामे निरुपयोगी नाहीत. पण मधुमेहाच्या रुग्णाने रोज चालल्याची आणि गोळ्या घेतल्याची वही दाखवली, तरी आम्ही तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी तपासतोच. मेहनत वहीत दिसते, पण तिचा परिणाम रक्तात दिसतो.

शिवाय पीएम १० पेक्षा बारीक असलेले पीएम २.५ हे कण फुप्फुसांच्या खोल भागापर्यंत पोहोचतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवतात. हे कण प्रामुख्याने धुरातून येतात. रस्ता झाडला, पाणी मारले तर धूळ बसते, धूर बसत नाही.

मोजमापाला पैसा जोडला की काय होते?

याचे चांगले उत्तर सुरतेत मिळाले. तिथे २०१९ मध्ये सुमारे ३०० कारखान्यांवर एक प्रयोग सुरू झाला. चिमणीवर सतत धूर मोजणारी यंत्रे बसवली. निम्म्या कारखान्यांसाठी एकूण धुराची मर्यादा ठरवली आणि तेवढेच परवाने दिले. ज्याने धूर कमी सोडला, तो उरलेले परवाने विकू शकत होता आणि ज्याने जास्त सोडला, त्याला ते विकत घ्यावे लागत. जुन्या पद्धतीने चाललेल्या कारखान्यांच्या तुलनेत या गटातील धूलिकण २० ते ३० टक्के घटले. धूर कमी करण्याचा खर्चही उतरला.

पण मोजमाप खरे असले तरच हे चालते. गुजरातमध्येच त्याआधी एक अभ्यास झाला होता. प्रदूषण तपासणाऱ्या लेखापरीक्षकाला पैसे तोच कारखाना देत असे, त्यामुळे अहवाल सोयीचे येत. मग परीक्षक चिठ्ठी काढल्यासारखे नेमले, त्यांचे पैसे सामाईक निधीतून दिले आणि काही तपासण्या पुन्हा केल्या. अहवाल खरे येऊ लागले आणि प्रदूषणही घटले.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०१७ मध्ये कारखान्यांना चिमणीतील धूलिकणांवरून १ ते ५ तारे देण्याची योजना सुरू केली. आपल्या शेजारचा कारखाना किती ताऱ्यांचा, हे नागरिकांना कळावे हा तिचा हेतू.

गावाचे काय?

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम १३० शहरांसाठी आहे. त्यात अमरावती आणि अकोला आहेत, कौंडण्यपूर नाही. गावातला धूर चुलीचा असतो आणि वेचणी संपल्यावर बांधावर जाळलेल्या पऱ्हाट्यांचा.

इथेही पैशाचे गणित आहे. उज्ज्वला योजनेत २०१६ पासून घरोघरी गॅस पोहोचला. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. म्हणून २०२२ मध्ये प्रत्येक सिलिंडरमागे २०० रुपयांचे अनुदान सुरू झाले आणि २०२३ मध्ये ते ३०० रुपये झाले. किती जोडण्या दिल्या यापेक्षा वर्षाला किती सिलिंडर भरले, हा आकडा रुग्णाच्या फुप्फुसासाठी महत्त्वाचा आहे. पऱ्हाटीचेही तसेच. ती गोळा करून, वाहून नेऊन ब्रिकेट करणाऱ्याला विकल्यावर हातात चार पैसे उरले, तर कोणी जाळणार नाही. नुसत्या बंदीने हे होणार नाही.

तुम्ही काय करू शकता?

- घरी चूल असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. विडी न ओढणाऱ्या बायकांनाही चुलीच्या धुराने सीओपीडी होतो.
- थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचतो. फिरायला ऊन पडल्यावर जा.
- 'समीर' ॲपवर पीएम २.५ चा आकडा पाहा. मात्र तो शहरातल्या केंद्राजवळचा असतो, तुमच्या अंगणातला नव्हे.
- धुरात काम करावेच लागले तर एन-९५ मास्क वापरा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत.
- बरे वाटले म्हणून इनहेलर स्वतःहून बंद करू नका.
- बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे किंवा गुंगी येणे, असे काही दिसल्यास लगेच १०८ ला फोन करा.
- ग्रामसभेत दोन गोष्टी मागा: परिसरात हवा मोजण्याची सोय आणि पऱ्हाटी विकत घेणारे केंद्र.

आजोबांना मी सांगितले, "पहिला नंबर शहराच्या कामाचा आहे. तुमच्या घरातली हवा अजून कोणी मोजलीच नाही." त्यांचा इनहेलर बदलला नाही, फक्त ओढण्याची पद्धत सुधारली. आणि सूनबाईंना सोबत बोलावून पहिला प्रश्न विचारला, "वर्षाला किती सिलिंडर भरता?"