दुनियेचा फेरा आणि हातातली बॅग

आमच्या कापड बाजारात सध्या एक नवी हवा आहे. चार पैसे बरे सुटले की मंडळी बिझनेस क्लासचे तिकीट काढतात, आणि त्या तिकिटावर ३२-३२ किलोच्या दोन पेट्या फुकट नेता येतात म्हणून त्या दोन्ही पेट्या ठासून भरतात. हक्क आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे, ही आपली जुनी खोड आहे. आमचे मत याच्या उलट आहे. व्यापाऱ्याने खुर्ची ऐपतीप्रमाणे पुढची घ्यावी किंवा मागची घ्यावी, पण विमानाच्या पोटात काहीही देऊ नये. आणि ज्याला एकाच दमात साऱ्या दुनियेचा फेरा करायचा आहे, त्याने तर मुळीच देऊ नये.

'दुनियेचा फेरा' ही काही कवीकल्पना नव्हे. विमान कंपन्यांचे जे मोठे संघ आहेत, स्टार अलायन्स, वनवर्ल्ड वगैरे, ते 'राउंड द वर्ल्ड' नावाचे एकच तिकीट विकतात. त्याचा साधा नियम असा की एकाच दिशेने, पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, जात राहायचे. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकेकदाच ओलांडायचे. आणि जेथून निघालो त्या देशात परत यायचे. मुदत साधारण १० दिवसांपासून एक वर्षापर्यंत असते. स्टारचा हिशेब मैलांवर चालतो, वनवर्ल्डचा मुख्यतः किती खंडांत पाय ठेवला त्यावर. एअर इंडिया २०१४ पासून स्टारमध्ये असल्याने आपल्या मुंबईकराला हा मार्ग सोयीचा पडतो.

कापडवाल्याच्या कामाचा एक फेरा उदाहरणादाखल मांडतो. मुंबईहून इस्तंबूल, जेथे लालेली आणि मेर्तेरचे बाजार आहेत. तेथून फ्रँकफर्ट, मग न्यूयॉर्क, मग लॉस एंजेलिसचा फॅशन डिस्ट्रिक्ट, पॅसिफिक ओलांडून टोकियो, पुढे ग्वांगझूचा झोंगदा कापड बाजार, सिंगापूर आणि परत मुंबई. हे सारे मिळून २२ हजार मैलांच्या आसपास होते. आठ उड्डाणे, सात परक्या विमानतळांवर उतरणे, आणि प्रत्येक ठिकाणी पट्ट्यापाशी उभे राहून 'माझी पेटी आली का' हा प्रश्न. एका पेटीमागे अर्धा-पाऊण तास धरला तरी कामाचा एक अख्खा दिवस पट्ट्यापाशीच जातो. तोही सर्व काही सुरळीत झाले तर.

सुरळीत नेहमी होत नाही. काही वर्षांपूर्वी एका विमान कंपनीने आमची नमुन्यांची पेटी भलत्याच गावी पाठवली. आम्ही ग्राहकासमोर रिकाम्या हाताने बसलो आणि पेटी आम्ही घरी परतल्यावर चौथ्या दिवशी दारात आली. याबाबतचा कायदाही समजून घ्यावा. माँट्रियल कराराप्रमाणे पेटी २१ दिवसांत आली नाही तर ती हरवली असे धरता येते. एकवीस दिवसांत आपला फेरा आटोपूनही जातो! भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून एका प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार डॉलर आहे. नमुन्यांच्या कापडाची किंमत त्यात कदाचित निघेल. हातची गेलेली ऑर्डर त्यात निघत नाही.

आमचा पुतण्या म्हणतो, "चाचा, आता सगळे मोबाईलवर दाखवता येते, नमुने न्यायचेच कशाला?" पोरगा हुशार आहे, पण त्याने अजून गिऱ्हाइकाची बोटे पाहिलेली नाहीत. कापडाचा खरेदीदार आधी अंगठा आणि तर्जनीत कापड चोळतो, मग उजेडाकडे धरतो, मग मुठीत चुरगळून सोडतो. पडद्यावर रंग वेगळा दिसतो, आणि दुकानाच्या दिव्याखाली एक दिसणारी छटा खिडकीपाशी दुसरीच होते. नमुना न्यावाच लागतो. प्रश्न केवढा न्यायचा एवढाच आहे.

येथे थोडा कापडाचाच हिशेब करू. आपले शर्टिंग १५० जीएसएमचे धरा. ५८ इंची पन्ह्याचा एक मीटर तुकडा सुमारे २२० ग्रॅम भरतो. असे २०० प्रकार घेतले तर ४४ किलो झाले. त्याच कापडाचा १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा दीड ग्रॅमचा असतो. २०० प्रकारांचे ३०० ग्रॅम. वर पुठ्ठा, चिठ्ठ्या आणि फाईल धरली तरी दीड किलोच्या पुढे जात नाही. ४४ किलो आणि दीड किलो यांतले अंतर म्हणजेच ही विमानाच्या पोटातली पेटी होय.

मात्र सर्वच माल १० सेंटीमीटरमध्ये दाखवता येत नाही. छापील कापडात निदान एक पूर्ण रिपीट दिसली पाहिजे, आणि ड्रेस मटेरियलमध्ये कापड कसे पडते, म्हणजे त्याची झोळ, चौकोनी तुकड्यात कळत नाही. अशा मालाचे मीटर दोन मीटर तुकडे आठ-दहा दिवस आधी कुरिअरने ग्राहकाच्या पत्त्यावर धाडावेत. हॉटेलच्या पत्त्यावर धाडू नयेत, तेथे ते कोठल्या कोपऱ्यात पडून राहतात हे खुदा जाणे. तुकड्यांना चीर किंवा छिद्र पाडून, 'नमुना, विक्रीसाठी नाही' असा न पुसणारा शिक्का मारून पाठवावेत. विक्रीलायक न राहिलेला नमुना अमेरिकेसह अनेक देशांत जकातीशिवाय सोडला जातो. आपले लोक चांगले कापड फाडायला कचरतात आणि मग त्यावर जकात भरतात.

अंगावरच्या कपड्यांचे पाहू. कापड विकणारी माणसे स्वतःच्या कपड्यांच्या बाबतीत फार बेहिशेबी असतात. आम्ही शुद्ध सुती कपड्याचे आशिक आहोत, पण फेऱ्यावर सुती शर्ट नेत नाही. सूत पाणी पिते, हॉटेलच्या न्हाणीत रात्री धुतले तर सकाळी ओलेच असते, आणि चुरगळते ते वेगळे. ६५-३५ पॉलिएस्टर-कॉटनचा शर्ट रात्री पिळून टांगला की सकाळी घालता येतो. असे तीन शर्ट सव्वासातशे ग्रॅमच्या आत बसतात. पँट एक अंगावर आणि एक बॅगेत, साधारण पाऊणे पाचशे ग्रॅमची. कोटासाठी जादा पीळ दिलेल्या सुताचे हलके वूल, ज्याला ट्रॉपिकल म्हणतात, त्याला तोड नाही. रात्रभर टांगले की सुरकुत्या आपोआप उतरतात. कोट अंगात घालावा, म्हणजे त्याचे वजन कोणी करीत नाही. बूट एकच जोड, तोही पायात. बॅगेत सर्वांत जड वस्तू बूटच असतात आणि बहुतेक जण दोन जोड घेऊन हिंडतात, हे आम्हाला आजवर उमगलेले नाही.

ही काही आजची शक्कल नव्हे. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्राची बातमीदार नेली ब्लाय १४ नोव्हेंबर १८८९ रोजी निघाली आणि ७२ दिवसांत पृथ्वीला वळसा घालून २५ जानेवारी १८९० रोजी परतली. तिच्याजवळ सुमारे १६ इंच रुंद आणि ७ इंच उंच अशी एकच हातबॅग होती, आणि अंगावर एकच भक्कम लोकरी झगा, जो तिने शिंप्याकडून एका दिवसात शिवून घेतला होता. त्या काळी बायका चार-चार ट्रंका नेत. बॅगेत जास्तीत जास्त त्रास तिला कोल्ड क्रीमच्या बरणीने दिला. (सिंगापूरला तिने एक माकड विकत घेतले, ते आमच्या हिशेबात धरू नये.) आज तिची ती बरणी तपासणीतच राहिली असती. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनचा द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला आणि तेव्हापासून १०० मिलीलीटरचा नियम जगभर लागू झाला. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे आता सूट मिळू लागली आहे, पण सात-आठ विमानतळांच्या फेऱ्यात सर्वांत कडक विमानतळाच्या मापानेच बॅग भरावी. अत्तराची कुपी छोटी घ्यावी.

वजनाचेही तसेच. सिंगापूर एअरलाइन्स बिझनेस क्लासला ७-७ किलोच्या दोन बॅगा हातात नेऊ देते, लुफ्तान्सा ८-८ किलोच्या दोन. आपल्याकडे एवढी सूट नसते. बहुतेक अमेरिकन कंपन्या वजनापेक्षा बॅगेचे माप पाहतात. सबब आमचा नियम असा की एक बॅग ७ किलोची आणि ५५ बाय ३५ बाय २० सेंटीमीटरच्या आतली, आणि कागदपत्रांची एक लहान पिशवी. एवढे सहसा कोठे अडत नाही.

आता जी गोष्ट आमच्या वाचकांना विशेष जवळची आहे ती सांगतो. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' आणि २१ डिसेंबर १९८८ रोजी लॉकरबीवर पॅन ॲमचे विमान उडवले गेले. दोन्ही वेळा बॉम्ब अशा पेटीत होता जिचा मालक विमानात नव्हता. तेव्हापासून मालकाविना पेटी जाऊ द्यायची नाही हा नियम घट्ट झाला, आणि तो योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की नावामुळे किंवा पासपोर्टवरच्या शिक्क्यांमुळे तुम्हाला चौकशीसाठी बाजूला बसवले, तर तुमची पेटी शोधून उतरवावी लागते, आणि पुढच्या विमानावर तुम्ही गेलात तरी पेटी सोबत येईलच असे नाही. २००१ नंतर आमच्या नावाच्या माणसाला अमेरिकेत हे नवीन राहिलेले नाही. ऑगस्ट २००९ मध्ये शाहरुख खान यांना नेवार्क विमानतळावर थांबवून ठेवले तेव्हा केवढा गाजावाजा झाला! त्यांचे सामान विमान कंपनीकडून मागे राहिल्यानेही वेळ लागला, असे तेथील अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. सामान नसते तर चौकशी टळली असती असे आम्ही म्हणत नाही. पण जेवढ्या गोष्टी आपल्या हातात आहेत तेवढ्या तरी हातातच ठेवाव्यात. चौकशीत तास गेला, विमान चुकले, तरी हातातल्या बॅगेनिशी माणूस दुसऱ्या विमानात बसू शकतो. येथे या तिकिटाचा एक खरा फायदा असा की त्यात तारीख बदलण्यास सहसा दंड पडत नाही. मार्ग बदलला तर मात्र पैसे पडतात.

दुसरे असे की हातातली एकच बॅग पाहिली की मोहल्ल्यातील मंडळी 'एवढे पुडके तेवढे आमच्या मेहुण्याला द्या' म्हणत नाहीत. पुडके घ्यावेच लागले तर नाते कसेही असो, उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. परक्याच्या पुडक्यापायी आखाती तुरुंगात सडलेल्या निरपराध माणसांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. आणि येताना अमुक आणा, तमुक आणा, ही यादीही आपोआप आखूड होते. घरातली नाराजी दोन दिवस टिकते.

खुर्चीचा प्रश्न राहिला. पन्नाशी उलटलेल्या माणसाने रात्रभर पाय दुमडून बसावे आणि सकाळी दहा वाजता भावासाठी घासाघीस करावी, यात शहाणपण नाही. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये सपाट होणारी खुर्ची आणली, तेव्हापासून या वर्गाला खरा अर्थ आला. लांबच्या रात्रीच्या उड्डाणाला ती खुर्ची म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचली, आणि लाउंजमध्ये अंघोळ करून थेट ग्राहकाकडे जाता येते. पण युरोपातल्या लहान उड्डाणांत बिझनेस क्लास म्हणजे बहुधा तीच इकॉनॉमीची खुर्ची, फक्त मधली रिकामी. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

आणि पैसे किती, ते मीटरमध्ये मोजावे. समजा मीटरमागे ५० पैसे सुटतात. मग तिकिटाचा प्रत्येक जादा लाख म्हणजे दोन लाख मीटर कापड. मालेगाव किंवा भिवंडीत जो माणूस मागावर बसून ते विणतो त्याच्या डोळ्यांनी हा आकडा एकदा पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासवर जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला आहे, इकॉनॉमीवर ५ टक्केच आहे. फर्मच्या नावे बिल घेणाऱ्याने वजावटीचे आपल्या सीएला विचारून घ्यावे, नाहीतर तेवढे पैसे वाया. आमच्या मते चार किंवा अधिक लांब उड्डाणे आणि तितक्याच पक्क्या भेटी असतील तरच बिझनेस क्लासचा फेरा परवडतो. नुसते बाजार पाहायला निघालेल्या तरुणाने मागे बसावे आणि एकच बॅग घ्यावी. त्याची पाठ अजून मजबूत आहे.

दिशा पश्चिमेची धरावी. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि शरीर त्याला लवकर सरावते. पूर्वेकडे रात्रच आखूड होते. फक्त एक ध्यानात असू द्या. लॉस एंजेलिसहून टोकियोला जाताना तारखेची रेषा ओलांडली जाते आणि एक तारीख कॅलेंडरमधून गळते. सोमवारी दुपारी निघालेला माणूस मंगळवारी दुपारनंतर उतरतो. भेट मंगळवारी सकाळची ठरवलेली असेल तर गेलीच. कँटन मेळ्यातला कापडाचा टप्पा मेच्या आरंभी आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या आरंभी असतो, तेव्हा फेऱ्याच्या तारखा तेथून उलट मोजत आणाव्यात. मेळ्यात मिळणारे जाडजूड कॅटलॉग घेऊ नयेत, फोटो काढून परत द्यावेत. व्हिसांचीही तयारी महिनोन् महिने आधी हवी. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी आपल्याला व्हिसा लागतो.

शेवटी आपल्या धंद्याच्या हत्यारांबद्दल. जीएसएम काढण्याचा गोल कटर हातबॅगेत चालत नाही, त्यात पाती असतात. कात्रीही घरीच ठेवावी. अमेरिकेत लहान कात्री चालते म्हणून नेली तर दुसऱ्या विमानतळावर ती काढून घेतात. धागे मोजण्याची भिंग, मऊ टेप आणि खिशातला डिजिटल काटा पुरतो. ग्राहकाकडूनच कात्री मागून १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापावा, काट्यावर ठेवावा आणि आलेल्या ग्रॅमला १०० ने गुणावे. काटा मात्र निघण्यापूर्वी आपल्या सराफाकडून तपासून घ्यावा.