रविवारचा ब्रंच आणि सरबताचा जग

मैत्रिणींनो, रविवारी नाश्ता आणि जेवण अशी दोन वेगळी राबणूक न करता अकराच्या सुमाराला दोन्ही एकदमच उरकायचं, ही पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. ‘ब्रंच’ हा शब्द १८९५ साली एका इंग्रजी लेखातून पुढे आला. आपण त्याला थालीपीठ आणि कटलेटची जोड दिली, इतकंच! खाण्याचं आपल्याला कोणी शिकवायला नको. अडतं ते पेयांपाशी. हल्ली बऱ्याच घरांतून अशा वेळी कॉकटेलही असतं. मग काय निवडावं, कसं मिसळावं?

आधी माझी फजिती सांगते. फजिती कसली, चूकच ती. अशाच एका रविवारी मी संत्र्याच्या रसाचा मोठा जग भरला आणि ह्यांनी आणलेली वोडका स्वयंपाकघरातच त्यात ओतून ठेवली. म्हटलं, प्रत्येकाला वेगळं करत कोण बसणार? शेजारचे भाऊजी आले. त्यांनी आठ महिन्यांपूर्वी दारू सोडलेली, आणि ते मला ठाऊक नव्हतं. साधा रस समजून त्यांनी दोन घोट घेतले आणि पेला हळूच खाली ठेवला. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. दोघं न जेवताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी क्षमा मागायला गेले. वहिनी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आम्ही रोज एकेक दिवस मोजतोय हो. तुमच्या घरी तरी त्यांना सावध राहावं लागू नये.” त्या वाक्यानं माझी झोप उडाली.

तेव्हापासून माझ्या घरी एकच नियम आहे: जगात मद्य मिसळायचं नाही. जगातलं पेय लहान मुलालाही निर्धास्त देता आलं पाहिजे. ज्यांना हवं ते आपापल्या पेल्यात घालून घेतील. यात चवीचं काही बिघडत नाही, फक्त जगातलं पेय मुळातच चवदार हवं. माझे हे तीन प्रकार करून पाहा.

टोमॅटोचं तिखट पेय: एक किलो लालबुंद टोमॅटो वाटीभर पाण्यात मऊ शिजवा. गार झाल्यावर मिक्सरमधून काढून गाळून घ्या. एका लिंबाचा रस, चमचाभर आल्याचा रस, मीठ, मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून खूप थंड करा. वोडका घातलेल्या अशाच टोमॅटोच्या रसाला ‘ब्लडी मेरी’ म्हणतात.

संत्रा-सोडा: संत्री हातानेच पिळा. बियांसकट मिक्सरमध्ये फिरवली तर रस कडू होतो. दोन भाग रसाला एक भाग थंड सोडा घ्या. परदेशात सोड्याऐवजी फसफसणारी वाइन घालून ‘मिमोसा’ करतात.

कोकम-पुदिना: अर्धी वाटी आगळ, चार पेले पाणी, चवीपुरती साखर, चुरडलेली पुदिन्याची पानं. आगळ मुळात खारट असतं, म्हणून चाखल्याशिवाय मीठ घालू नका.

सोडा नेहमी शेवटी आणि पेल्याच्या कडेने ओता. घातल्यावर जोरात ढवळू नका, नाहीतर सगळा फेस निघून जातो. बर्फाने पेय पांचट होतं, म्हणून आदल्या रात्री थोडा रसच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा.

मद्य ठेवायचंच असेल तर ते वेगळ्या तबकात, शेजारी ३० मिलीचं माप ठेवून. अंदाजाने ओतलं की हात सैल सुटतो, आणि फळांच्या रसात मद्याची चव लपते. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हेही घरातल्यांच्या कानावर घाला. गाडी चालवणाऱ्याने तर थेंबही घेऊ नये. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की गुन्हा होतो. मधुमेहाची औषधं किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दूर राहावं, आणि दिवस गेलेल्या बाईने तर अजिबात घेऊ नये.

आणखी एक. सगळ्यांना सारखेच पेले द्या. कोणाच्या पेल्यात काय आहे ते कोणाला कळू नये. “का हो, घेत नाही?” हा प्रश्न आपल्या घरात कोणी विचारू नये. ह्यांच्या मित्रांनासुद्धा मी हे हसत हसत बजावून ठेवलं आहे. नवी नवरी असेल, जिने गोड बातमी अजून कोणाला सांगितली नसेल. कोणी आजारातून उठलेलं असेल. प्रत्येकाची कारणं आपल्याला कशाला हवीत?

शेजारची दोघं आता पुन्हा येतात. परवा भाऊजी स्वतः उठले, जगातून दुसऱ्यांदा टोमॅटोचं पेय ओतून घेतलं, आणि वहिनींनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. थालीपीठावर लोणी घालत त्या बोलतच राहिल्या. पाहुणचार म्हणजे तरी आणखी काय असतं, नाही का?